चिठ्ठीची मागची बाजू

कुताइसीत पहाटे चारला
मी भट्टीत वाकते, अर्धी आत,
आणि तापल्या भिंतीवर थापत जाते
शोतीच्या लांबोड्या होड्या.
हे काम सत्तावीस वर्षांचं.
दुसरं काम दोन हिवाळ्यांचं होतं:
एतेरीचे शब्द घ्यायचे.

बुटाच्या खोक्यात आठशे चिठ्ठ्या.
एका अंगाला इंग्रजी. ती अक्षरं मला
पिठातल्या अळ्यांसारखी दिसतात, वळवळणारी, सगळी एकच.
दुसऱ्या अंगाला आमच्या लिपीत अर्थ.
मी अर्थ वाचायचा, तिनं शब्द सांगायचा.

"फार थोडा काळ टिकणारं."
"एफेमरल."
"हो म्हणावं की नाही, दोन्हीकडून ओढ."
"ॲम्बिवलंट."
"मोजकंच बोलणारा."
"बाबा!" म्हणाली ती,
आणि आम्ही अशा हसलो
की एक शोती सुटून निखाऱ्यात पडली.
शब्द होता लॅकोनिक.
तिचा बाप पोतीच्या बंदरावर ट्रक नेतो,
फोनवर म्हणतो, पोचलो.
दुसऱ्या दिवशी म्हणतो, निघालो.

फेब्रुवारीत मला तिच्याआधी आठवायला लागलं.
थंडीत पीठ फुगेना, मी त्याला दरडावलं, ऑब्ड्युरेट!
तराजूच्या लंगड्या पायाला म्हटलं, ऑब्सोलीट!
ढेकर देणाऱ्या वाण्याला काय म्हटलं ते सांगत नाही,
पण तो खूश होऊन गेला.
वाक्य एकही येत नव्हतं मला.
नुसते मोठे दगड, मध्ये चुना नाही,
आणि मी त्यांच्यावरून उड्या मारत होते.

परीक्षा त्बिलिसीत.
मारशुत्कात बसली तेव्हा खोकं मांडीवर.
मी काचेवर टकटक करून ओरडले,
"कोसळूनही पुन्हा उभं राहणारं?"
तिचे ओठ हलले. ऐकू आलं नाही.
बरोबरच असणार.

सप्टेंबरात गेली. दगडांचं शिकायला,
कुठला थर कधी साचला, ते.

मग एकदा दुकानात एक परदेशी जोडपं आलं.
त्यानं काहीतरी विचारलं, तीन-चार बारके शब्द,
चिमूटभर मिठाएवढे.
मला एकही कळला नाही.
मला पाणी येत नव्हतं, किती येत नव्हतं,
डावीकडे-उजवीकडे येत नव्हतं.
माझी तर जीभच टाळूला चिकटली.
मग गरम शोती त्याच्या हातात दिली
आणि जे होतं ते म्हटलं:
"एफेमरल."
तो थबकला. बायकोकडे पाहिलं.
मग तिथंच उभ्यानं, तोंड भाजत,
दोघांनी अख्खी शोती संपवली.
थंड झाली की ती काय उरते,
हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

एतेरीला फोनवर हे सांगितलं.
हसली. म्हणाली, आई, इथे तसलं कोणी बोलत नाही गं.
मग काय बोलतात?
ओके म्हणतात. फाइन म्हणतात.
तू कशी आहेस?
"फाइन," म्हणाली.
तो आपल्या खोक्यात नव्हता.
मी विचारलं, त्याची मागची बाजू सांग.
ती गप्प झाली.
बापावर गेली आहे.

आमच्याकडे आई लेकीलाही देदा म्हणते,
देदा म्हणजे आई.
चिठ्ठी उलटली तरी तेच निघतं.
तेवढंच म्हटलं मी, देदा, आणि फोन ठेवला.

एकतीस चिठ्ठ्या शिकायच्या राहून गेल्या होत्या,
त्या ती इथेच विसरली. की ठेवून गेली.
पिठाच्या डब्यामागे आहेत.
काल एक काढली.
"पूर ओसरल्यावर काठावर राहिलेलं."
रिओनीच्या काठी जन्म गेला माझा,
हे मला कोणी शिकवायला नको.
चिठ्ठी उलटवली. अळ्या.
दिव्याजवळ नेऊन पाहिली,
पहिलं अक्षर वाकडं, दुसरं त्याहून वाकडं.

अर्थ पाठ झाला आहे.
शब्द ती रविवारी सांगेल,
भट्टी तोवर विझू द्यायची नाही.