तीन केसांचा ब्रश

हळदीच्या दिवसांत खिडकी लावूनच घ्यावी लागते.
सौद्यांतून उडालेली भुकटी
ओल्या कागदावर येऊन बसते
आणि कुणाच्याही गालाला कावीळ होते.

वखारभागात, वरच्या मजल्यावर
मी आगपेटीएवढी माणसं रंगवते.
आधी शाळेत होते. एकतीस वर्षं
एलिमेंटरीच्या पोरांना सांगितलं, चित्र मोठं काढा,
कागद भरा, कोपरे मोकळे सोडू नका.
आता ट्रिपल झिरोचा ब्रश,
त्यातलेही केस ब्लेडनं काढून तीन ठेवलेले.
श्वास सोडायचा, मग रेघ.
श्वास घेताना काढलेली भुवई
उगाच आश्चर्यात पडते.

पांढरा रंग माझ्याकडे नाही.
डोळ्यातला ठिपका म्हणजे न रंगवलेला कागद.
तो राखण्यातच निम्मा दिवस जातो.

बेडकिहाळकर सर यादी घेऊन आले,
मोडी कागदांतून वेचलेली चौदा नावं.
माहूत, दिवटी धरणारी, तोफेला पाणी घालणारा.
सातव्या नंबरला येसू जासूद:
'पुरातून पोहून आला, सबब पागोटे एक दिले.'
एवढंच.
मी विचारलं, नाक कसं होतं?
सर म्हणाले, कागदात नाक नसतं, बाई.

मग मधल्या वेळात हात चालावा म्हणून
कृष्णाकाठचं एक वांगं काढलं, देठाच्या काट्यासकट.
मिरजेच्या तंबोरेवाल्याचा अंगठा काढला,
तारेनं चिरलेला.
घरमालकीणबाईंचं मांजर तीनदा बिघडलं.
येसू येईना.

मार्केट यार्डात सापडला.
मायाप्पा ऐवळे, हमाल,
गळ्याची शीर सुतळीसारखी, डोळे पुढचं पाऊल बघणारे.
मी वही उघडली तशी म्हणाला,
'मला काढतायसा? मग पोतं ऱ्हाऊंदे का खाली ठिवू?'
मी म्हटलं, ठेवा.
ठेवलं. पण मान तशीच राहिली,
पोत्याखालची.

नऊ दिवस लागले.
कातडीला तांबूस मातकट रंग, त्यात कणभर निळा.
पागोटं मात्र एका बैठकीत झालं,
किरमिजी, अजून घडी न मोडलेलं.

मांडणी झाली, काचेखाली चौदा जण,
शेजारी दोरीला बांधलेलं भिंग.
खाली सरांच्या अक्षरात: काल्पनिक चित्र.

अमावस्येला यार्ड बंद. त्या दिवशी तो आला,
इस्त्रीचा शर्ट, सोबत कमळव्वा.
भिंग आधी उलटं धरलं, मग बरोबर.
बराच वेळ बघत राहिला.
'पागोटं कुणाचं ओ?'
इनामाचं, मी म्हटलं.
'पयल्यांदाच डोक्यावर कायतर हलकं बघाय मिळालं.'
आणि हसला, मान जराशी वर करून.
ती मान मला नऊ दिवसांत दिसली नव्हती.

कमळव्वानं भिंग सोडलं नाही.
म्हणाली, 'कान चुकलाय.'
चुकला नव्हता.
डावा कान त्याचा खालून फाटलेला,
लहानपणी बाळी ओढली गेली म्हणे कुणाकडनं.
मला दिसला होता.
मी तो बुजवून दिला होता,
एकतीस वर्षं पोरांच्या चित्रांतले हात-पाय
जसे लाल पेनानं सरळ केले,
तसाच, न विचारता.

ते गेल्यावर शिपायाकडून काच उघडून घेतली.
ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून
कानाच्या पाळीवर टेकवला, थांबले, टिपकागदानं टिपलं.
पुन्हा.
वाळलेला रंग लगेच सुटत नाही,
आधी डाग पडतो, मग हळूहळू
खालचा कागद दिसायला लागतो,
मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा.

सर आले, वाकले, चष्मा कपाळावर सरकवला.
'बाई, कागदात कान फाटल्याचं कुठं आहे?'
कान असल्याचं तरी कुठं आहे, सर.
त्यांनी भिंग परत दोरीला सोडलं.
ते जरा वेळ हलत राहिलं,
माहुतावर, दिवटीवालीवर,
पुरातून आलेल्या माणसावर.