अ टाकी, ब टाकी

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर
'प्रशिक्षणाची उद्दिष्टे स्वतःच्या शब्दांत लिहा'
आणि खाली सहा रेघा.
स्वतःचे शब्द नव्हते, मागच्या बॅचचे उतरवले:
नियंत्रित हवामानाचे सखोल ज्ञान,
खतपाण्याचे व्यवस्थापन, नेतृत्वगुण.
नेतृत्वगुण लिहिताना पेन अडलं.
झटकलं, तर चाललं.

रहिमतपूरच्या अलीकडं, फाट्यापासून कच्च्या वाटेनं,
वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस.
आत रंगीत ढोबळी, सुतळीवर चढलेली,
मुळं माती न पाहिलेली, नारळाच्या भुश्यात.
तांबोळी सरांनी ईसी मीटर हातात ठेवलं,
म्हणाले, रोज सकाळी आधी याला खरं बोलायला लाव.
मुकं मीटर परवडतं,
खोटारडं नाही.

मग दिवस, एकावर एक.
झाडाला दोनच फांद्या ठेवायच्या,
बाकीच्या खुडायच्या, त्या चांगल्या असल्या तरी.
निळ्या चिकट कार्डावरचे फुलकिडे मोजायचे
भिंगातून, मान दुखेस्तोवर.
दुपारी दोनला बाजूचे पडदे किती वर,
हे तक्त्यात होतं आणि तक्त्यात नव्हतंही.
जरंड्याकडून वारा उतरला
की तक्ता वर्षभर जुना व्हायचा.

तिसऱ्या आठवड्यात मी
कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट
एकाच टाकीत ओतलं.
एम. एस्सी. उद्यानविद्या, पहिलं वर्ष, श्रेणी अ.
मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं,
दोन गुणांना.
फोनवर बोलत होते, एवढंच.

तळाशी पांढरा साका.
दोन दिवसांत ड्रिपर बंद पडत गेले,
आधी सातव्या ओळीत, मग कुठंही.
नोंदवहीत 'कारण' या रकान्यात मी लिहिलं:
बोअरचं पाणी जड?
प्रश्नचिन्ह मोठं काढलं,
त्याच्या आड उभं राहता येईल एवढं.

चार हजार आठशे ड्रिपर.
आम्लाच्या पाण्यानं बरेच सुटले, बाकीचे सुईनं.
माझ्या शेजारी हौसाबाई माने,
या छपराखाली तिचं नववं वर्ष.
ती काही विचारत नव्हती
आणि ते फार ऐकू येत होतं.
मिरजेकडची गाडी गेली तेव्हा म्हणाली,
"दोघी जावा गुणाच्याच असत्यात गं,
पर एका चुलीवर घालायच्या न्हाईत.
मांडवात बघ, चार माणसांत कशा खेटून बसत्यात."

मी सुई थांबवली.
अर्कात भांडतात, भरपूर पाण्यात नांदतात.
दोन गुणांचं उत्तर
कुणी इतकं पुरं कधी दिलं नव्हतं.
आणि तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

संध्याकाळी वही उघडून
'बोअरचं पाणी जड?' यावर आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी,
खाली लिहिलं: मी. अ टाकीत ब.
तारीख, वेळ, सही: प्राजक्ता घोरपडे.
सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला.
"प्रश्नचिन्ह वाईट नसतं," एवढंच म्हणाले,
"ते कुठल्या बाजूला तोंड करून उभं आहे, बघत जा."
मग उद्याच्या पीएचबद्दल बोलायला लागले.

सातवी ओळ, एकतिसावी पिशवी: ते झाड गेलं.
पिवळ्या ढोबळीचं होतं, तीन फळं धरलेली.
मी ते उपटलं नाही, हौसाबाईनं उपटलं
आणि मुळं मला दाखवली,
तपकिरी, टोकाशी मऊ.

परतीच्या एसटीत फॉर्मची झेरॉक्स काढली.
सहा रेघा भरलेल्या, एकही माझी नाही.
पाच खोडल्या.
नेतृत्वगुणापाशी पेन परत अडलं,
या वेळी झटकलं नाही.
कोरेगाव गेलं तरी समासात एवढंच होतं:
दोन टाक्या वेगळ्या ठेवणं.
चूक झाली तर त्याच दिवशी, त्याच शाईनं