माया

सिडकोत रात्री पावणेबारा.
स्क्रीनवर अकरा ओळींचं गणित:
नावाची लांबी, अधिक चार, वजा दोन,
मग आठाच्या पटीत वर ढकललेली,
आणि शेवटी पुन्हा अधिक सोळा.
शेजारी टीप: हात लावू नये.

हात लावते.

"कर्नल म्हणजे देवळालीतला का गं?" आईनं विचारलं होतं.
नाही. पण शिस्त तीच.
इथे एक अक्षर सांडलं
तर शेजारच्याचं घर भिजतं, आणि तो ओरडत नाही.
तीन दिवसांनी भलतंच काही कोसळतं,
भलत्याच शहरात.

लाइटबिलाच्या पाठीवर मांडून बघितलं.
चार कशाचे? एका उपसर्गाचे,
तो तर केव्हाच काढून टाकलाय.
वजा दोन? चार कुणाला तरी जास्त वाटले म्हणून.
आठाची पट जागा देणारा स्वतःच करतो, न सांगता.
उरले सोळा.
त्यांना आगापिछा नाही.

तेव्हा आबा आठवले.
भद्रकालीतलं दुकान,
रुंदीला एक मशीन आणि एक माणूस.
जूनमध्ये गणवेशांचा ढीग. टेप गळ्यात,
पण बघायचे पोराच्या मनगटांकडे.
"वाढत्या अंगाचं आहे," म्हणायचे
आणि शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडायचे.
बिलात ती कधी लागली नाही.

हे सोळाही कुणीतरी असेच सोडलेले,
अशाच एखाद्या रात्री, सांडेल या धास्तीनं.

पण आबांची गिऱ्हाइकं वाढायची.
ही जागा वाढत नाही.
आणि त्या मायेच्या भरवशावर
पुढच्यांनी मापं घेणंच सोडलं होतं.
दोन ठिकाणी सापडले,
सोळांतलेच तीन-चार गुपचूप वापरणारे.
आधी त्यांची मापं घेतली. दीड वाजला.

मग अकरा ओळी उसवल्या.
एक उरली: लांबी अधिक एक.

सकाळी अंबडला तेजल कोठुळेनं वाचली,
चहा खाली ठेवून.
"हा एक तरी कशाला?"
"शेवटच्या शून्याला. त्यालाही बसायला जागा लागते."
ती हसली नाही. सही केली.

माया उसवली की कापडावर एक पट्टा दिसतो,
बाकी सगळं विटलेलं, तेवढाच नवा.
जुन्या नोंदींत त्या अकरा ओळी
तशाच आहेत, लाल.
मधूनच उघडून बघते.