दुभाषी

अल्दाबेर्गेनला पश्चिमेच्या डोंगरांतून आणलं,
तीन दिवस लष्करी ट्रकमधून,
मांडीवर गरुडाची रिकामी चामडी टोपी.
कर्नल म्हणाला, विचार याला, किती दिवस लागतील?
म्हातारा म्हणाला, आधी बघू तर द्या, कोण आहे ती.
मी सांगितलं : अंदाजे नव्वद दिवस.

ती म्हणजे नऊ नंबर.
कमरेइतकी उंच, राखी पिसांची,
पायाच्या दुसऱ्या बोटाला कोयत्यासारखी नखी.
चालताना ती नखी वर उचलून धरायची,
चिखलातून जाताना माझी आई
झग्याचा घोळ धरायची तशी.
छावणीमागच्या लाल कड्यातून हिच्या पूर्वजांची हाडं निघाली.
पहिल्यांदा तिथून नेली तेव्हा
तिनं कड्याला हुंगलंसुद्धा नाही.

सात रात्री तो झोपला नाही
आणि तिलाही झोपू दिलं नाही.
साखळ्यांवर झुलणारी फळी, फळीवर ती.
मांस पांढरं होईपर्यंत पाण्यात धुवायचा,
पोट भरावं पण अंगात मस्ती येऊ नये म्हणून.
आणि बोलायचा. सारखा बोलायचा.
गुडघा दुखतो. लोकरीचा भाव पडला.
सुनेनं फ्रीज घेतला, त्यात ठेवायला काही नाही.
सगळं ध्वनिमुद्रित होत होतं,
सगळं मी भाषांतरित केलं,
प्रत्येक पानावर 'अतिगोपनीय' असा शिक्का.

हे काय चाललंय, कर्नलनं विचारलं.
त्यानं एकच शब्द सांगितला. लळा.
फॉर्मवर रकाना होता, 'नियंत्रणाची पद्धत'.
मी लिहिलं : अन्न व निद्रा.

मार म्हणायला कुठला शब्द ठेवलायस?
कुठलाच नाही. टोपी काढायची.
पुढचं तिचं ती बघते.
कर्नल जरा हिरमुसला,
आज्ञांसाठी त्यानं आठ कोरी पानं ठेवली होती.

चाचणीला बुजगावणी उभी केली,
शेजारच्या देशाचे गणवेश, आत मेंढीचं काळीज.
अकरा सेकंदांत सहा.
मग टाळ्या झाल्या, व्होडका झाली,
आणि ती मात्र रक्ताळल्या तोंडानं
त्याच्या बुटाशी येऊन बसली,
धुतलेल्या मांसाची वाट बघत.

त्या रात्री त्यानं विचारलं, किती वर्षं ठेवतात हिला?
आम्ही गरूड सात-आठ वर्षं ठेवतो.
मग वसंतात एका उंच जागी नेतो,
मेंढी कापून पुढ्यात टाकतो,
आणि ती खाण्यात गुंतली की निघतो.
मागे वळायचं नाही. वळलं की ती येते.

मी पुस्तिका उघडली.
'सेवानिवृत्ती' : पुढे फक्त
एका काडतुसाचा आकार, मिलिमीटरमध्ये.
वीस वर्षांच्या नोकरीत
मी पहिल्यांदा म्हणाले, लिहिलेलं नाही.

मार्चमध्ये स्वयंपाकघराच्या यादीत
एक मेंढी कमी भरली.
पहाटे कुंपणाच्या दारात मी उभी होते,
किल्ली माझ्याकडे, का ते विचारू नका.
लांबून तो येताना दिसला.
झपाझप, दुखऱ्या गुडघ्यानं,
मान अगदी सरळ.

तो वळला नाही.
पण माझं तोंड त्याच्याकडे होतं
आणि मला दिसत होतं.

काय दिसतंय, त्यानं चालता चालता विचारलं.

त्याच्यामागे पन्नास पावलांवर,
मेंढी तशीच टाकून,
नखी वर उचलून,
बर्फात पाय जपत जपत.

काय दिसतंय, सांग ना.

मी दोन्ही भाषांत शब्द शोधत होते.