ताळा

पद्मजा दुस्सा डबा घेऊन आली तेव्हा
अशोक चौकातलं डांबर मऊ झालं होतं.
डब्याभोवती वर्तमानपत्र, वर्तमानपत्राभोवती टॉवेल,
दवाखान्यातून काही आणावं तसं.
"अप्पांच्या मागाचा मेंदू," ती म्हणाली,
"नव्या मागावर चढवायचाय. मोर आतच राहिलाय."

झाकण उघडलं आणि माझाच डाख ओळखला.
तिसऱ्या पायावरचा, जाडसर, घाईतला.

अकरा वर्षांपूर्वी यादगिरी दुस्सा याच स्टुलावर बसले होते.
"पुठ्ठ्याची कार्डं होती तेव्हा चोराला निदान
रात्रभर उजेडापुढं भोकं मोजावी लागायची, बाई.
आता पेन ड्राइव्ह. चहा निवायच्या आत मोर भिवंडीत."
मी म्हटलं, किल्ली चिपच्या पोटातच जन्मू द्या.
कागदावर नको, माझ्याकडे नको, तुमच्याकडेही नको.
मग एक फ्यूज जाळला, केसाहून बारीक.
आवाज नाही, वास नाही.
"झालं?"
"झालं."
"कुणाला मोडता येईल?"
"नाही."
काय खूश होऊन गेले.

आता त्यांची मुलगी तेच विचारतेय.

वाच म्हटलं, तर चिप म्हणाली एफ एफ एफ एफ,
घरात कुणी नाही असं सांगायला पाठवलेल्या पोरासारखी.
किल्ली फिरवताना ती किती करंट पिते
त्या थरथरीवरून किल्ली ओळखणारे लोक आहेत म्हणतात.
तीन रात्री मी स्कोप लावून बसले.
पण शेजारच्या बारा मागांची धडधड लाइनीत उतरते,
पडद्यावर नुसती पेठ हलत राहिली.
पाठ तासावी, तर वर मीच ओतलेली राळ,
राळेत मीच पुरलेली तारेची जाळी:
एक तार तुटली की आतलं सगळं पुसलं जाणार.
अकरा वर्षांपूर्वीची मी फारच हुशार होते.

"ताळम्," पद्मजा घरच्या भाषेत पुटपुटली. कुलूप.
मला मराठीतला ताळा आठवला,
शाळेत गुणाकाराखाली करायचो तो.

"जुना माग आहे अजून?"
"आहे. भंगारवाला उद्या येणार."
"उद्या नको म्हणावं."

वाचू देऊ नकोस, असं मी तिला सांगितलं होतं.
विणू नकोस, असं कुणीच सांगितलं नव्हतं.

डबा परत जागेवर बसला, बटण दाबलं,
आणि मोर उतरू लागला, पायांकडून वर.

मग फरशीवर चादर, चादरीवर आम्ही दोघी गुडघ्यांवर,
भिंग, टाचणी, आलेखाच्या वह्या.
वर, खाली, खाली, वर.
ती तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडु, मूडु,
मी मराठीत लिहायची.
चौथ्या दिवशी मोराच्या उजव्या नखाशी
एक धागा जास्त निघाला.
पुन्हा मोजला. जास्तच होता.
"खोडू?"
"अप्पांचं मोजमाप कधी चुकायचं नाही," ती म्हणाली,
आणि बराच वेळ तिनं त्या धाग्यावरचं बोट उचललं नाही.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
चादर तर दुकानात उघडीच टांगलेली असते.

नवी चिप भरली. तो धागाही भरला.
फ्यूजपाशी माझा हात थांबला.
"ह्या वेळी काय करू?"
पद्मजा चादरीची घडी घालत होती,
मोर आतल्या बाजूला.