हार्डबाउंड

अप्पा बळवंत चौकातला झेरॉक्सवाला
पाचशे बारा पानांचा गठ्ठा तळहातावर तोलत म्हणाला,
"पीएचडी का? कव्हर काळं घालू की मरून?
सोनेरी अक्षरांचे चाळीस जास्त."
मरून, म्हटलं मी, आणि माझं मलाच हसू फुटलं.
आई हसली नाही.
"काळं घाला."

वीस वर्षांचं रक्त आहे त्या पानांत.
दर एकविसाव्या दिवशी एक पिशवी,
चौदाव्या वर्षापासून दोन.
फेरिटिनचे आकडे, काढलेल्या प्लीहेचं वजन,
एका पानावर २०११ सालचा चहा.

नियम अठराचा.
ओगले मॅडमनी दोन वर्षं मला तशीच खपवली,
मग त्याच निवृत्त झाल्या.
फॉर्मवर रकाना होता : रुग्णालय बदलण्याचे कारण.
मी लिहिलं, पाय बेडबाहेर जातात.
"ताई, असं नाही चालत," खिडकीतला क्लार्क म्हणाला.
आईनं ते खोडून लिहिलं : वय.

खरं तर माझी उंची चार फूट दहा.
पण रास्ता पेठेतल्या त्या वॉर्डात मी ताडमाड.
भिंतीवरच्या जिराफाच्या मानेवर इंच लिहिलेले,
त्याच्या हनुवटीपाशी मी थांबले ती थांबलेच.
तिथं जेसम्मा सिस्टर,
कुणाला तरी रागावता रागावता, माझ्याकडे न बघता
शीर शोधायची.
शेवटच्या दिवशी रडलीबिडली नाही.
"तिकडे सुई बसली नाही तर फोन कर," एवढंच.

आणि शेजारच्या बेडवरचा अद्वय, वय चार,
माझी बॅग बघून त्यानं विचारलं,
"तू बरी झालीस?"

मी हो म्हटलं नाही.
नाही म्हणायलाही जीभ उचलली नाही.
त्याच्या नळीतले थेंब मोजले त्याच्याबरोबर
बावीसपर्यंत.
त्याला तेवढेच येतात.

बाणेरला जायला मनपावरून बस.
टोकन ए-एकशे सतरा. लिफ्ट मजल्याचं नाव सांगते.
बेडला रिमोट आहे, आईनं तो दोनदा वरखाली करून पाहिला
आणि कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.
भिंती पांढऱ्या. जनावर एकही नाही.
समोर सत्तरीचे एक गृहस्थ, डोळ्यांवर रुमाल टाकून.

सिस्टर घोलप नवी आहे, माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी.
"रक्त पहिल्यांदाच घेताय?"
"तीनशे एक्केचाळिसावी वेळ," आई म्हणाली.
तिच्याकडे हिशेब असतो.

पहिली सुई हुकली.
दुसरी हुकली.
फोन माझ्या उशीखाली होता.
मी म्हटलं, उजवा हात घ्या,
मनगटाच्या वर दोन बोटं,
वरून सरळ दिसते, पण खोटं बोलते ती,
आतून अंगठ्याकडे वळते,
तिथं जरा थांबा, मग तिरकं जा.
तिनं ऐकलं, थांबली, तिरकी गेली.
"पुण्यात पत्ता विचारला तर
इतकं नीट कुणी सांगत नाही," म्हणाली.
ती लातूरची.

पिशवी लागली. तीच थंडी
कोपरापर्यंत चढत आली, ओळखीची.
कुणाचं रक्त ते कधीच कळत नाही,
त्यालाही कळलं नसेल पत्ता बदलल्याचं.

पाय मावले.
मावून वर वीतभर जागा उरली.
इतकी जागा मला कुठल्याच बेडवर उरली नव्हती,
तिचं काय करतात ते माहीत नव्हतं,
म्हणून मी फाइल तिथं ठेवली.
काळं कव्हर. कण्यावर सोनेरी अक्षरांत
जुईली कानडे,
आणि खाली, आम्ही न सांगता,
भाग एक.

आईनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं.
मग पर्समधून झेरॉक्सची पावती काढली,
बराच वेळ बघत बसली
याचे वेगळे पैसे लावलेत का ते.