चुन्याची वेलांटी

डिचोलीच्या बाजारात मासळीकडे वळताना डाव्या हाताला
वाचनालय, आणि दाराशी फळा.
अकरा वर्षं मी त्यावर रोज लिहिते:
बांगड्यांचा भाव, सापडलेली छत्री,
कुणाचं बारावं,
उरल्या जागेत काहीतरी माझं.

कोण वाचतं, ठाऊक नव्हतं.
ते ठाऊक नसणं अंगणासारखं होतं,
कुणीही यावं, चपला न काढता.

मग समोरच्या शेटांच्या तन्वेशने
चोरांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात माझा फळाही येतो म्हणून
सहज मोजलं.
"बाय, काल सतरा जाण रावले."
सतरा!
त्या दिवशी मी चहात साखर दोनदा घातली.

दुसऱ्या दिवसापासून माझं अक्षर
टाचा उंचावून उभं राहू लागलं.
आंबाड्याच्या मोहरावर लिहिलं, तर तीन.
"तातूंत एक गाय," तन्वेश प्रामाणिक आहे.
सोयरू पोस्टमन गेल्याचं लिहिलं, तर त्रेसष्ट.
आणि शनिवारी, हातात खडू घेऊन,
गावात कोण कोण आजारी आहे
ते मी आठवत होते.

कमिटीचे माईणकर म्हणतात, आकडा लावा दारावर,
आकड्याशिवाय अनुदान येत नाही.
चूक नाही त्यांचं. पंख्याचं बिल
मोहरावरच्या ओळींनी भरता येत नाही.
पण आकड्याला चेहरा नसतो,
सतरांतला कोण थबकला
आणि कोण नुसता चपलेचा अंगठा नीट करत होता,
हे तो सांगत नाही.

परवा सकाळी पाहिलं:
मी घाईत लिहिलेल्या 'विहिर'मधली
पहिली वेलांटी थुंकीने पुसून
कुणीतरी दुसरी काढली होती.
खडू नसावा. पानाच्या चंचीतला चुना होता,
बोटाच्या रुंदीचा.
तन्वेशला विचारलं.
"रातचें कांयच दिसना, बाय."
कॅमेऱ्याच्या हिशेबी त्या रात्री
कुणीच आलं नव्हतं.

फळा पुसला. विहीर गेली,
वेलांटी राहिली. चुना निघत नाही.
आता रोज तिच्याखाली बसेल असा
एक शब्द शोधावा लागतो.
काल नदी. आज पणती.
उद्याचं अजून सुचलेलं नाही.

तन्वेशला सांगून ठेवलंय,
आकडा तुझ्यापाशीच असू दे,
मी विचारलाच, तर खोटा सांग,
पण कमी सांग.

तो दुकानातून बोटं दाखवतो.
मी पाहत नाही.
म्हणजे, रोज नाही.